केशरी स्वेटर

“बाईनू, माझ्या लवूक एक स्वेटर व्हयो.”

एप्रिलातली दुपार होती. वेताळबंदरात झाडाचं पान हलत नव्हतं. माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब निघाला आणि मांडीवरच्या पिवळ्या लोकरीत जिरला. समोर द्वारकाकाकी सुपात सुकी सुंगटं, म्हणजे सुकवलेली कोलंबी, निवडत बसली होती. वर न बघताच ती हे म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. माझ्या विणकामाची थट्टा करणं हा त्या वाडीचा नेहमीचा कार्यक्रम होता. मी वाईची. आमच्याकडे पाचगणीचा वारा खाली उतरला की दात वाजतात. मुलगी दहा वर्षांची झाली की तिच्या हातात सुया येतात. तेविसाव्या वर्षी मला मालवणच्या दक्षिणेला, या समुद्रकाठच्या गावात प्राथमिक शाळेवर नोकरी लागली, तेव्हा मी ट्रंकेत सुया आणि लोकर घेऊनच आले. बहिणीला मूल व्हायचं होतं. दुपारी शाळा सुटली की मी द्वारकाकाकीच्या पडवीत बसून बहिणीच्या बाळाचं झबलं विणायची. तिथल्याच एका खोलीत मी भाड्यानं राहत होते.

शेजारची शेवंता तर पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “बाईनू, हो स्वेटर कोणाक? बांगड्याक? तो बिचारो थंड पाण्यात रवता खरो!”

पण द्वारकाकाकी थट्टा करत नव्हती. तिनं सूप बाजूला सारलं, पदराला हात पुसले आणि लोकरीला एक बोट लावून पाहिलं.

“तुमीच वाचलात मा सकाळी,” ती म्हणाली. “थय थंडी केवढी हा ती.”

लवू तिचा एकुलता एक मुलगा. पाच वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, तो मुंबईला जाऊन परदेशी जहाजावर चढला होता. वर्षातून दोन-तीन पत्रं यायची. जहाज मुंबईला लागलं की टाकतो, असं त्यात लिहिलेलं असायचं. काकीला वाचता येत नव्हतं, म्हणून माझ्या आधी पोस्टमन वाचायचा आणि आता मी. त्या सकाळच्या पत्रात होतं, ‘आये, हय थंडी खूप. श्वास सोडलो तर धूर होता. बोटा वळणत नाय. जिकडे बघशीत तिकडे बरफ. तू काळजी करू नको.’

“मी विणून देते की,” मी म्हणाले. “झबलं झालं की घेते हातात.”

“तुमी नको. माका शिकवा. मी विणतलंय.”

काकी पंचावन्नची असेल. पहाटे पाटी घेऊन बाजारात मासे विकायला जायची, अकराला परत, मग जेवण, मग सुकं निवडणं. हात असे की सुरमईच्या काट्यांनी आणि मिठानं बोटांची टोकं खरखरीत झालेली. या बोटांना लोकर चिकटून बसेल असं मला वाटलं, पण मी हो म्हणाले.

मग प्रश्न आला रंगाचा. पुण्याला माझी मावशी होती, ती लोकर पाठवणार होती. मी काकीला समजावलं की तरुण मुलाला निळा चांगला दिसतो, नाहीतर राखाडी.

“केशरी,” काकी म्हणाली.

“काकी, केशरी बायकांना ठीक आहे. चोवीस वर्षांचा मुलगा तो...”

“शेंद्रासारको केशरी. लांबसून दिसाक व्हयो.”

मी हसले. “एवढा मोठा जहाजावरचा माणूस, हरवणार आहे थोडाच?”

तीही हसली, पण म्हणाली, “वायच भडकच मागवा.”

लोकर आली. बारा लड्या. पडवीत उलगडल्या तेव्हा शेवंतानं डोळ्यांवर हात धरला.

काकीचा पहिला दिवस मला अजून आठवतो. मी सुईवर टाके घालून दिले, एक ओळ सुलट विणून दाखवली आणि सुया तिच्या हातात दिल्या. ती अर्धा तास खाली मान घालून बसली. मग तिनं मला विणलेला तुकडा दिला. मी ओढून पाहिला. तो ढिम्म हलला नाही. प्रत्येक टाक्याला तिनं जाळ्याची गाठ मारली होती. नवऱ्याच्या हाताखाली तिनं तीस वर्षं जाळी सांधली होती. तिची बोटं तिला विचारतच नव्हती.

“काकी, लोकरीला गाठ मारायची नसते. नुसता फासा. एकातून दुसरा काढायचा.”

“आणि एक धागो तुटलो तर?”

“तर सुटतं.”

“सगळा?”

मी तिला दाखवायला माझ्या झबल्याची कड ओढली. सरसर तीन ओळी उसवल्या. काकीनं तोंडावर हात ठेवला, जणू माझ्या हातून काहीतरी वाईट घडलं होतं. “अशी वस्त माझ्या झिलाच्या आंगात?” ती म्हणाली. तिची समजूत काढायला मला दोन दिवस लागले. शेवटी, शेवटचा टाका बंद करताना मी तिला हव्या तेवढ्या गाठी मारू देईन, या बोलीवर ती तयार झाली.

आणि एकदा जमल्यावर मात्र ती सुटली. तिच्या हातात लय होती. सुलट, उलट, सुलट, उलट. ओहोटीला लाट मागं जाताना वाळूत जसा बारीक आवाज येतो तसा तिच्या सुयांचा आवाज यायचा. आम्ही दोघी पडवीत बसायचो. समोर माडांच्या बुंध्यांमधून समुद्र दिसायचा. पाणी मागं सरलं की ओल्या वाळूवर बारके खेकडे बिळातून बाहेर येऊन मण्यांएवढे वाळूचे गोळे करून ठेवायचे, गोळ्यांच्या रांगाच रांगा. काकी म्हणायची, “बगा, तेंचा पण विणकाम चल्ला.” भरती आली की सगळं पुसलं जायचं आणि पुढच्या ओहोटीला खेकडे पहिल्या टाक्यापासून पुन्हा सुरू.

चार वाजता शेवंता तांब्याभर कोकम सरबत घेऊन यायची. त्यात चिमूटभर मीठ आणि जिरं. घामानं निथळत लोकर विणायची आणि वर ते गार सरबत प्यायचं, यासारखं सुख मला वाईला कधी मिळालं नव्हतं. कधी आम्ही काम ठेवून खाडीच्या तोंडाशी मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जायचो, गुडघाभर पाण्यात वाकून, पायाच्या अंगठ्यानं चाचपत. परत येईपर्यंत एकदा कावळ्यानं लोकरीचा हातभर तुकडा पळवला. महिन्याभरानं नारळ काढायला माडावर चढलेला पाडेली वरून ओरडला, “द्वारकाकाकी, तुझ्या झिलाचो स्वेटर हय कावळ्याच्या घरात हा गो!” सगळी वाडी त्यावर आठवडाभर हसली.

काकी मात्र अधूनमधून विचित्र प्रश्न विचारायची.

“बाईनू, लोकर पाण्यात भिजली तर जड होता काय?”

“होते की. खूप पाणी पिते.”

तिच्या सुया थांबल्या. “मगे माणूस खाली जातलो?”

“काकी, स्वेटर घालून कोण पोहायला जातं?”

“ता पण खरा,” म्हणून ती पुन्हा विणायला लागली. मला वाटलं, समुद्रकाठचं माणूस, तिला सगळं पाण्यातच सुचणार.

पाठ झाली, पोट झालं, आणि मापाचा प्रश्न उभा राहिला. लवू गेला तेव्हा कसा होता, यावर सगळ्यांचं एकमत होतं. माडाची पिढ्ढी, झावळीच्या दांड्यासारखा लांब आणि बारीक. पण आता?

“जहाजार मटाण देतत रोज,” शेवंता म्हणाली. “फुगलो असतलो.”

“माझो लवू फुगूचो नाय,” काकी म्हणाली. “पण खांदे भरले असतले.”

“किती भरले?”

काकीनं हवेत दोन हात धरून दाखवलं. शेवंतानं आणखी वीतभर वाढवलं. मी कापडी टेप घेऊन दोघींच्या मध्ये उभी. शेवटी शेवंता घरात गेली आणि जेवून आडव्या झालेल्या आपल्या नवऱ्याला, भिकूला, हाताला धरून घेऊन आली. भिकू दांडगा, होडी एकटा ओढणारा. भर बारा वाजता त्याला पडवीच्या खांबाला टेकवून आम्ही ती अर्धी लोकर त्याच्या उघड्या अंगावर चढवली. तो बिचारा लाल झाला. पाच मिनिटांत त्याच्या कपाळावरून धार लागली.

“गे, काढा गे! मी मरान! ह्या माणसाक घालूचा की भट्टीत घालूचा?”

“गप रव,” शेवंता म्हणाली. “लवू तुज्यापेक्षा जाडो की बारीक, सांग.”

“मेल्याक पाच वर्सा बघूक नाय. माका काय ठावक!”

शेवटी काकीनं भिकूएवढा, पण वर दोन बोटं जास्त, असं माप ठरवलं. “मोठो झालो तर चलतलो,” ती म्हणाली. “लहान झालो तर घालूचो नाय.”

पावसात होड्या वर ओढलेल्या, बाजार बंद. तेव्हा बाह्या झाल्या. लोकर ओल धरायची, तिला चुलीच्या वर दोरीला टांगून ठेवायला लागायचं, त्यामुळे स्वेटरला धुराचा आणि सुक्या माशाचा कायमचा वास लागला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी काकीनं शेवटचा टाका बंद केला आणि वर कबूल केल्याप्रमाणे गाठी मारल्या. मी मोजल्या, सात होत्या.

पोस्टानं पाठवायला ती तयार नव्हती. मी दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला आत्याकडे जाणार होते. पत्रावर मुंबईचा पत्ता होता, मासळी बंदराजवळच्या एका खानावळीचा. जहाज लागलं की तिथं उतरतो, असं लवूनं लिहिलं होतं. नसेल तर खानावळीत ठेवून ये, असं ठरलं. स्वेटरसोबत काकीनं कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे दिले. बांगड्यांचं पुडकं असं की कणकवली येईपर्यंत एसटीतली माझ्या शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली. मला खिडकी मिळाली, ऐसपैस.

ही एक्क्याऐंशी सालची गोष्ट.

मुंबईत पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी विचारत विचारत त्या खानावळीत गेले. गल्ल्यावर एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. बोलण्यावरून कारवारकडचे वाटले.

“लवू मेथर इथं येतात का? कधी लागेल त्यांचं जहाज?”

“लवू?” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “बसा. साडेबाराला सुटी होते त्याची.”

“म्हणजे जहाज लागलंय?”

“कसलं जहाज, ताई? तो समोर कोल्ड स्टोरेजात आहे. झाली साडेचार-पाच वर्षं.”

त्यांनी रस्त्यापलीकडची एक लांबलचक, बिनखिडक्यांची इमारत दाखवली. मी मांडीवर पुडकं धरून बसून राहिले. चहा आला, तो पडून राहिला.

साडेबाराला त्या इमारतीचा लोखंडी दरवाजा उघडला. आतून पांढरं धुकं लोळत बाहेर आलं आणि धुक्यातून सात-आठ माणसं. अंगात दोन-दोन सदरे, त्यावरून गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं, कानांना फडकी. उन्हात येऊन ती उभी राहिली आणि त्यांच्या खांद्यांतून वाफा निघायला लागल्या. त्यातला एक रस्ता ओलांडून सरळ खानावळीत आला. माडाची पिढ्ढी. डोळे थेट काकीचे. मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

“मी वेताळबंदरहून आले,” मी म्हणाले. “शाळेवर आहे. काकींच्या घरी राहते.”

तो उभ्याचा उभा राहिला. मग मालकांकडे पाहिलं, मालकांनी दुसरीकडे पाहिलं. तो हळूच बाकड्यावर बसला.

“आये बरी हा?”

“बरी आहे. हे पाठवलंय.”

त्यानं पुडकं उघडलं नाही. बराच वेळ तो टेबलावरचं पाणी बोटानं पसरत बसला.

“जहाजार माका घेवकच नाय,” शेवटी तो म्हणाला. “डाक्टरान रंगीत ठिपक्यांचा पुस्तक दाखवल्यान. ह्येत आकडो लपलो हा, तो वाच म्हणालो. माका आकडो काय दिसना. तांबडो आणि हिरवो माका एकच. तोपर्यंत माका पण ठावक नव्हता. जहाजार दिवे बघूचे लागतत, तांबडो कुठचो, हिरवो कुठचो. डाक्टर म्हणालो, जा घरी.”

“मग गेला का नाहीत?”

“कसो जातलंय?” तो एकदम म्हणाला. “निघताना वाडयेन बाजो लावलेलो. नारळ दिल्यानी दर्याक. भिकूकाका माका खांद्यार घेवन नाचलो. माझो बापूस दर्यार, आजो दर्यार. आणि मी काय सांगतलंय, माका ठिपके दिसाक नाय?”

“पण ती पत्रं? थंडीची?”

पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं, थोडं ओशाळलेलं. “थंडीचा लिवलंय ता सगळा खरा हा, बाईनू. बरफ, धूर, बोटा, सगळा. फक्त जहाज खोटा.”

मीही हसले, हसू आवरेना. मग त्यानं पुडकं सोडलं. स्वेटर बाहेर निघाला तसा सगळ्या खानावळीभर चुलीचा आणि बांगड्यांचा वास सुटला. त्यानं तो नाकाला लावला आणि तसाच धरून ठेवला. मी रस्त्याकडे बघत राहिले.

“रंग बरो हा,” थोड्या वेळानं तो म्हणाला. “मातीसारको.”

“केशरी आहे. भडक केशरी.”

“केशरी?” त्यानं मालकांना विचारून खात्री केली. “कित्याक केशरी?”

“त्यांनीच निवडला. त्यांनीच विणला. मी फक्त शिकवलं.”

गोणपाट सोडून त्यानं तो घातला. मांड्यांपर्यंत आला. बाह्यांतून बोटंही दिसेनात. “भिकूकाकाच्या मापाचा आहे,” मी सांगितलं. तो म्हणाला, “थांबा,” आणि रस्ता ओलांडून लोखंडी दरवाजातून आत गेला. मी आणि मालक दारात उभे. दहा मिनिटांनी तो बाहेर आला. भुवयांवर पांढरं पडलं होतं.

“लागूक नाय,” तो ओरडला, रस्त्यापलीकडूनच. “बाईनू, थंडी लागूक नाय!”

निघताना मात्र त्यानं माझ्याकडून वचन घेतलं. “आयेक सांगू नकात. तिका लाज वाटतली. वाडी हसतली.”

मी सांगणार नाही म्हणाले. तेव्हा ते मला सोपं वाटलं.

सुट्टी संपवून मी परत आले तेव्हा एसटीच्या थांब्यावर काकी उभी होती. कधीपासून उभी होती कुणास ठाऊक. तिनं माझी पिशवी घेतली आणि आम्ही सुरूच्या बनातून घराकडे निघालो. उन्हं कलली होती. पायाखाली सुरूच्या काड्यांचा मऊ थर, डोक्यावर वाऱ्याचा सूं सूं आवाज.

“भेटलो?”

“भेटला.”

“घातल्यान?”

“घातला. थोडा मोठा होतो, पण आवडला. थंडी लागत नाही म्हणाला.”

ती आनंदली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, “जहाजार गेलास तुमी? मोठा हा? हलता काय खूप?”

मी उत्तर तयार ठेवलं होतं. एसटीत सोळा तास घोकलं होतं. जहाज मोठं आहे काकी, घरासारखं, अजिबात हलत नाही. मी तोंड उघडलं आणि त्याच वेळी वाऱ्याचा एक जोराचा झोत आला. सुरूची झाडं एका बाजूला झुकली. काकी थांबली. तिनं समुद्राकडे तोंड केलं, डोळे बारीक केले आणि ओठांत काहीतरी मोजू लागली. असं ती रोज करायची. मी दोन वर्षं पाहत होते, कधी विचारलं नव्हतं.

“काय मोजता, काकी?”

“वारो.” ती मोजून झाल्यावर म्हणाली. “सात लाटांत एक मोठी येता. वारो वाढलो की पाचात येता. मगे माका झोप लागणा नाय.” थोडं चालून ती पुढं म्हणाली, “लवूच्या बापाशीक सगळी वाडी तीन दिवस शोधी होती. निळो सदरो होतो तेच्या आंगात. निळ्या पाण्यात निळो सदरो. कोणाक दिसतलो?”

मी थांबले.

“म्हणान केशरी?”

“तोंडान काडूक नये असा काय,” ती घाईघाईनं म्हणाली. “काडला तर खरा होता. चला, काळोख पडता.”

ती पुढं निघाली. लवूला दिलेला शब्द आणि काकीची पाठमोरी आकृती, दोन्ही माझ्यासमोर होतं. मी ओरडूनच म्हणाले, “काकी, तो जहाजावर नाही.”

ती वळली. तिचा चेहरा पांढरा पडलेला पाहून मी धावत तिच्याजवळ गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ठिपक्यांचं पुस्तक, डॉक्टर, कोल्ड स्टोरेज, गोणपाट. तो कधी जहाजावर चढलाच नाही. पाच वर्षं तो मुंबईतच आहे, मासळी ठेवतात त्या बर्फाच्या गोदामात. लाज वाटली म्हणून लिहिलं नाही. तुम्हाला लाज वाटेल म्हणाला.

काकी ऐकत होती की नाही मला कळेना.

“म्हणजे,” ती अगदी हळू म्हणाली, “तेच्या पायाखाली जमीन हा?”

“हो.”

“रातची पण?”

“रातची पण. समोरच्या गल्लीत खोली आहे त्याची.”

ती तिथंच सुरूच्या काड्यांवर मटकन बसली. पदर तोंडाशी घेतला. मला वाटलं रडतेय, म्हणून मी वाकले, तर ती हसत होती. रडतही होती, पण हसणं जास्त. मग एकदम तिला राग आला.

“मेल्यान पाच वर्सा सांगूक नाय! पाच वर्सा मी हय वारो मोजतंय! येवंदे, मुसळान मारतंय तेका!”

उठून ती तरातरा चालत सुटली. घरी जायच्या आधी शेवंताच्या अंगणात शिरली आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “शेवंता, माझो लवू जहाजार नाय गो! तेका डाक्टरान काडून टाकलो!” लवूनं जे लपवायला पाच वर्षं घालवली ते तिनं पाच मिनिटांत चारी दिशांना पोचवलं. भिकू बाहेर आला, त्यानं ऐकलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “बरा झाला. माका माझो एक भाव तरी असो बरफात मिळालो असतो तर बरा झाला असता.” कुणी हसलं नाही. भिकूचे भाऊ दर्यात गेले ते परत आले नव्हते. त्या वाडीत असं एकही घर नव्हतं, ज्याला ते कळत नव्हतं.

लवू पुढं तिथंच मुकादम झाला, गणपतीला दरवर्षी गावी येऊ लागला. मी लग्न होऊन साताऱ्याला गेले. पण त्याआधी, त्याच नोव्हेंबरात, काकीनं मला दोन दिवस रजा घ्यायला लावली. आपल्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती. कुडाळच्या पलीकडे कधी न गेलेली ती बाई एसटीत सोळा तास ताठ बसून मुंबईला आली.

साडेबाराला दरवाजा उघडला. धुक्यातून माणसं बाहेर पडली. लवू शेवटी आला, केशरी स्वेटरात, बाह्या दुमडलेल्या. आईला बघून तो जागच्या जागी थिजला. मान खाली घातली. बाकीची माणसं थांबून बघत राहिली.

काकी त्याच्याकडे गेली नाही. ती त्याच्या शेजारून सरळ पुढं गेली, त्या उघड्या दरवाजाशी. तेव्हाचा मुकादम हात आडवा करून म्हणाला, “अहो आजी, आत नाही जायचं.” तिनं त्याचा हात बाजूला केला. चपला बाहेर काढल्या, देवळात जाताना काढतात तशा, आणि अनवाणी उंबरा ओलांडून त्या धुक्यात शिरली. दोन पावलं आत जाऊन उभी राहिली. आत लादी होती, वर पांढरं दहिवर पडलेलं. तिनं उजवा पाय उचलला आणि सगळं बळ एकवटून टाच आपटली. थांबली. मग डावी आपटली. मग वाकून तळहात टेकला आणि थोडा वेळ तसाच ठेवला, काही हलतंय का ते बघायला.

मग ती बाहेर आली आणि तिनं पहिल्यांदा लवूकडे पाहिलं.

“घट्ट हा,” ती म्हणाली. “जेवलस?”